रडारची शेगडी

राज्ये कशी उभी राहिली आणि कशी बुडाली, यांवरची व्याख्याने वसंतातल्या अशा संध्याकाळी आपण पुष्कळ ऐकली असतील. माझा आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. ओट्याच्या कोपऱ्यात बसलेली, दर्शनी बाजूस काचेचे दार असलेली आणि काम संपले की आवाज करून तसे कळवणारी जी पेटी आपण मायक्रोवेव्ह या नावाने ओळखतो, तिचा इतिहास मला सांगायचा आहे. विषय कळल्यावर एक स्नेही म्हणाले, "याला इतिहास तो कसला? दुकानातून आणली, प्लगला जोडली, झाले!" परंतु चुलीचा इतिहास हा घराचा इतिहास असतो, आणि घराचा इतिहास कळल्यावाचून राज्यांचा इतिहास अर्धाच कळतो, असे मला वाटत आले आहे. शिवाय ही पेटी थेट युद्धातूनच आपल्याकडे आली आहे. तेव्हा लढायांची आवड असणाऱ्यांचीही अगदीच निराशा होऊ नये.

स्वयंपाकाच्या बहुतेक साधनांमागे कोणाची तरी नड असते. लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरू लागले म्हणून रॉकेलचा स्टोव्ह आला. डाळ शिजायला वेळ लागतो म्हणून वाफेचा कुकर आला. या पेटीची गोष्ट उलटी आहे. ती कोणाही गृहिणीने मागितली नव्हती. साधन आधी तयार झाले, त्याचे मूळचे काम संपले, आणि मग ते नव्या कामाच्या शोधात बाहेर पडले. स्वयंपाकघराने त्याला वीस वर्षे दाराशी तिष्ठत ठेवले. पुढे दार उघडले ते का उघडले, हा माझ्या मते या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

साधन तयार झाले इंग्लंडात, बर्मिंगहॅम विद्यापीठात. १९४० सालचा फेब्रुवारी महिना. युद्ध सुरू होऊन सहा महिने होत होते. शत्रूचे विमान दुरून ओळखणारी रडारयंत्रणा इंग्रजांनी किनाऱ्यावर उभारलेली होती, पण तिच्या तरंगांची लांबी दहा मीटरांहून अधिक असल्यामुळे तिला उंच मनोऱ्यांची गरज पडे. विमानात बसवता येईल असे सुटसुटीत रडार हवे तर तरंग काही सेंटिमीटर लांबीचे हवेत. असे आखूड तरंग निर्माण करणे ही नवी गोष्ट नव्हती. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात मिलिमीटरांत मोजावे इतके आखूड तरंग काढून दाखवले होते. अडचण होती ती जोराची. जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघा संशोधकांनी २१ फेब्रुवारी रोजी जे उपकरण चालवले त्याने ही अडचण दूर केली. तांब्याचा एक गोळा, त्याच्या मध्यभागी एक पोकळी आणि तिच्याभोवती गोल मांडलेली भोके, एवढेच त्याचे रूप. मध्यभागीच्या तप्त दांडीतून निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तांब्याकडे धाव घेतात, बाजूस ठेवलेले लोहचुंबक त्यांची वाट वाकवते, आणि ते गरगरत त्या भोकांच्या तोंडावरून जातात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते ना, तशी ती भोके विजेच्या तरंगांनी घुमू लागतात. पहिल्याच खटाटोपात सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचे तरंग ४०० वॉटच्या आसपास जोराने बाहेर पडले. या उपकरणाचे नाव मॅग्नेट्रॉन. आपल्या ओट्यावरच्या पेटीत आज जे धडधडते हृदय आहे, ते हेच.

त्याच वर्षी इंग्लंडची स्थिती इतकी बिकट झाली की, हे गुपित अमेरिकेच्या हवाली करून तिथल्या कारखान्यांची मदत घ्यावी असे ठरले. सर हेन्री टिझर्ड यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ गेले आणि मॅग्नेट्रॉनचा एक नमुना समुद्रापार पोचला. आता हे उपकरण हजारोंनी करायचे कसे? तांब्याचा भरीव गोळा अचूक कोरणे हे निष्णात कारागिराचे काम. त्यात दिवसाकाठी मूठभरच नग निघत. हा पेच सोडवला तो मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन नावाच्या, तेव्हा फारशा मोठ्या नसलेल्या, कंपनीतल्या एका गृहस्थाने.

या गृहस्थांजवळ थोडे थांबले पाहिजे. पर्सी स्पेन्सर यांचा जन्म १८९४ सालचा, मेन प्रांतातल्या हाउलंड या आडगावातला. दीड वर्षाचे असताना वडील गेले; आत्या-काकांसारख्या नातलगांनी वाढवले, आणि पोर सात वर्षांचे झाले तोवर तो आधारही खचला. शाळा अर्ध्यावर सोडून बाराव्या वर्षी ते सूतगुंड्यांच्या गिरणीत कामाला लागले. गावाजवळच्या कागदगिरणीत वीज येणार असे कळले तेव्हा, विजेचे ज्ञान कोणालाच नसल्यामुळे, स्वतःच धडपडून ते त्या कामात शिरले. पुढे आरमारात बिनतारी संदेशाचे काम शिकले. रात्रपाळीला पुस्तके वाचून गणित आणि पदार्थविज्ञान आत्मसात केले. अशा माणसाने मॅग्नेट्रॉन पाहिला आणि सांगितले की, गोळा कोरता कशाला? तांब्याचे पातळ पत्रे भोकांसकट साच्याने कापा, एकावर एक रचा, मध्ये डाख द्यायचा धातू ठेवा आणि सगळी चळत सरकत्या पट्ट्यावरून भट्टीतून काढा. चळत एकजीव होऊन बाहेर येते. युद्ध संपेपर्यंत रेथिऑनमध्ये दिवसाला सुमारे २,६०० मॅग्नेट्रॉन तयार होत होते. ज्या वस्तूने पुढे भट्टीची जागा घ्यायची, ती स्वतः भट्टीत भाजूनच निघत होती, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना स्पेन्सर यांच्या खिशातली शेंगदाण्याची वडी वितळली; त्यांनी कुतूहलाने मक्याचे दाणे आणवले, त्यांच्या लाह्या फुटल्या; दुसऱ्या दिवशी अंडे ठेवले, ते फुटून एका सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले. गोष्ट खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण 'योगायोगाने लागलेला शोध' हे तिचे जे रूप घरोघर पोचले आहे ते जरा सावधपणेच घ्यावे. रेडिओच्या तरंगांनी ऊब येते हे तेव्हा ठाऊक होते; डॉक्टर लोक त्या उबेचा उपयोग दुखऱ्या सांध्यांवर करीत. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीने दोन धातूच्या पत्र्यांमध्ये मांसाचा तुकडा ठेवून तो रेडिओच्या तरंगांवर शिजवूनही दाखवला होता. वडी इतरांच्याही खिशात वितळली असेल. स्पेन्सर यांचे श्रेय हे की, त्यांनी खिसा पुसून घरी न जाता मका मागवला.

तारखा मात्र बोलक्या आहेत. जपानने ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती पत्करली. अन्न शिजवण्याच्या या रीतीच्या पेटंटसाठी स्पेन्सर यांचा अर्ज दाखल झाला ८ ऑक्टोबर १९४५ रोजी. मध्ये दोन महिनेही गेले नाहीत! युद्धखात्याची मागणी आटली, आणि दिवसाला अडीच हजार मॅग्नेट्रॉन काढणारा कारखाना जागच्या जागी उभा राहिला. त्याला काम हवे होते. शेंगदाण्याची वडी वितळली ती अगदी वेळेवर वितळली, एवढेच इतिहासाच्या अभ्यासकाने नमूद करून ठेवावे. पेटंट मिळाले १९५० साली.

इंग्रजीत स्वयंपाकाच्या मोठ्या शेगडीला 'रेंज' म्हणतात. रडार आणि रेंज हे शब्द जोडून कंपनीने नाव काढले 'रडारेंज'. आपण रडारची शेगडी म्हणू. १९४७ च्या सुमारास बाहेर पडलेली ही शेगडी पुरुषभर उंच होती, तिचे वजन ३४० किलोंच्या घरात होते, आणि मॅग्नेट्रॉन थंड ठेवण्यासाठी तिला पाण्याचा नळ जोडावा लागे. किंमत हजारो डॉलर. ती घरात जाणे शक्यच नव्हते. ती गेली हॉटेलांत, आगगाड्यांत, बोटींवर. अणुशक्तीवर चालणारे 'सव्हाना' नावाचे अमेरिकेचे जहाज होते, त्याच्या मुदपाकखान्यातही ती बसवलेली होती.

तिथेही आचाऱ्यांचे तिच्याशी जमले नाही. त्याचे कारण समजण्यासाठी ती शिजवते कशी हे दोन वाक्यांत सांगतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. विजेचे क्षेत्र ज्या दिशेला वळेल तिकडे तो तोंड वळवू पाहतो. घरगुती पेटीतले क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी आवर्तने करते. तेव्हा पदार्थातल्या पाण्याच्या रेणूंची जी चेंगराचेंगरी उडते तिचीच उष्णता होते. हे तरंग पदार्थात साधारण दोन-तीन सेंटिमीटर शिरतात आणि त्याच्या पुढे उष्णता आपल्या नेहमीच्या चालीने जाते. तेव्हा 'आतून बाहेर शिजते' ही समजूत खरी नाही. मुख्य मुद्दा असा की, तापणारी वस्तू पाणी आहे, आणि ओल आहे तोवर पदार्थ उकळबिंदूच्या फारसा वर जात नाही. खरपूस रंग आणि खमंग वास यांना याहून पुष्कळ अधिक ताप लागतो. १९१२ साली मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या प्रक्रियेचा अभ्यास मांडला. आपल्या आज्यांना ती तव्यावरच माहीत होती. रडारच्या शेगडीत मांस शिजे, पण फिकट राही. तळलेला बटाटा मऊ पडे. भाकरीचा पापुद्रा या पेटीत कधी सुटायचा नाही, आणि फोडणीची तर गोष्टच नको. भाजणे हा स्वयंपाकाचा अर्धा प्राण आहे, आणि तोच तिला साधत नव्हता.

१९५५ साली टॅपन या कंपनीने रेथिऑनचा परवाना घेऊन घरात भिंतीत बसवता येईल अशी पेटी काढली. किंमत १,२९५ डॉलर. त्यात थोडीच भर घातली तर साधी नवी मोटारगाडी घेता येत असे, आणि अमेरिकन माणसाने अर्थातच मोटार घेतली. उणीव भरून काढण्यासाठी पेटीच्या वरच्या अंगाला तांबूस रंग आणणारी तापती तार बसवली होती, पाककृतींचे कार्ड ठेवायला खाली खण होता. नऊ-दहा वर्षांत अशा पेट्या जेमतेम चौदाशे खपल्या, असा आकडा आढळतो. एवढ्या मोठ्या देशात चौदाशे! यंत्र वाईट नव्हते. घरात त्याची जागाच नव्हती. जेवण एका वेळी शिजत होते, एका वेळी वाढले जात होते, आणि ते शिजवणारी बाई घरातच होती. मग घाई कोणाला?

यापुढची कथा मला सर्वांत रोचक वाटते, आणि त्यासाठी अमेरिकेच्या मध्यभागी, आयोवा प्रांतात, अमाना या गावी जावे लागते.

अमाना हे एक गाव नव्हे, सात खेड्यांचा समूह आहे. जर्मनीतून धर्मासाठी बाहेर पडलेल्या एका पंथाचे लोक १८५५ साली तिथे स्थायिक झाले. जमीन, गिरण्या, गुरे सर्व सामाईक. आणि सामाईक तेच स्वयंपाकघर. घरे बांधली ती स्वयंपाकघराशिवाय. सातही गावे मिळून पन्नासांहून अधिक मुदपाकखाने होते, एकेकात तीस-चाळीस माणसांची पाने मांडली जात. शाळा संपली की चौदाव्या वर्षाच्या आसपास मुलींची नेमणूक मुदपाकखान्यात होई. पुरुषांची मेजे निराळी, बायकांची निराळी. ही व्यवस्था जवळजवळ ऐंशी वर्षे चालली, पण तिला आतून तडे पडत होतेच. विसाव्या शतकात पुष्कळ कुटुंबे मुदपाकखान्यातून टोपलीत अन्न घेऊन आपापल्या घरी जेवू लागली होती. १९३२ साली मंदीच्या तडाख्यात पंथाने मत घेऊन सामाईक जीवन मोडले. मुदपाकखाने बंद झाले. घराघरांत ओटे बांधावे लागले.

दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, याच गावच्या जॉर्ज फर्स्टनर नावाच्या तरुणाने पेये थंड ठेवण्याची यंत्रे करण्याचा धंदा काढला. त्यातून वाढलेली अमाना कंपनी शीतकपाटांसाठी प्रसिद्ध झाली, आणि १९६५ साली ती रेथिऑनने विकत घेतली. त्या सुमारास जपानमध्ये केइशी ओगुरा यांनी लहान आणि स्वस्त मॅग्नेट्रॉन तयार केला होता. रेथिऑनजवळ तरंगांची विद्या होती, अमानाजवळ गृहिणींचा विश्वास होता, जपानचा मॅग्नेट्रॉन हाताशी आला. १९६७ साली अमानाची ओट्यावर मावणारी, घरच्या साध्या विजेवर चालणारी पेटी ४९५ डॉलरला बाजारात आली. ती विकताना कंपनीने पाकशास्त्र शिकलेल्या बायका नेमल्या. वापरायचे कसे हे त्या गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष करून दाखवीत. वीस वर्षांच्या अपयशातून हे शहाणपण आले होते. चूल बदलायची तर आधी स्वयंपाकिणीला विचारावे लागते, हे रडारच्या तज्ज्ञांना एकदाचे उमगले.

मग भीतीची लाट आली, तीही सांगितली पाहिजे. 'किरण' हा शब्द ऐकला की अणुबाँबच्या युगातल्या माणसाने दचकावे हे साहजिक होते. अमेरिकेने १९६८ साली कायदा केला. १९७१ पासून मर्यादा ठरली की, पेटीपासून ५ सेंटिमीटरांवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटपलीकडे कधीही जाता कामा नये, आणि दार उघडताच तरंग आपोआप बंद झाले पाहिजेत. तरीही १९७३ साली तिथल्या ग्राहकसंस्थेने कोणतीही पेटी पूर्ण निर्धोक म्हणायला नकार दिला. या तरंगांत क्ष-किरणांसारखी अणूंची मोडतोड करण्याची ताकद नाही, ते केवळ तापवतात, हे लोकांना पटायला काही वर्षे लागली. दारावरच्या जाळीची भोके प्रकाशाला पुरतात, पण बारा सेंटिमीटर लांबीच्या तरंगाला पुरत नाहीत. म्हणून आपण आत पाहू शकतो. खरी काळजी निराळीच घ्यावी लागते: पदार्थ सगळीकडे सारखा तापत नाही, थंड राहिलेल्या भागात जंतू जगतात. ताटली फिरते ती यासाठी, आणि मध्येच ढवळा म्हणतात तेही यासाठी.

१९७५ साली अमेरिकेत या पेट्यांची विक्री गॅसच्या शेगड्यांहून अधिक झाली. १९७१ साली शंभरांत एका घरी असलेली वस्तू १९९७ पर्यंत शंभरांत नव्वदांहून अधिक घरांत गेली. या काळात पेटी खरपूस भाजायला शिकली नव्हती. बदलले होते ते घर. १९५० साली नोकरी-कामधंद्यात असलेल्या अमेरिकन स्त्रिया सुमारे तिघींत एक होत्या. १९८० पर्यंत निम्म्याहून अधिक झाल्या. मुले एका वेळी येत, नवरा दुसऱ्या वेळी, बायको तिसऱ्या. शीतकपाटात गोठवलेले अन्न होतेच. तयार जेवणाची जी अॅल्युमिनियमची ताटली १९५० च्या दशकात निघाली होती, ती धातूची असल्यामुळे या पेटीला चालत नव्हती. १९८६ साली कंपनीने ताटलीच बदलली. पेटीपुढे ताटली वाकली, तेव्हा राज्य कोणाचे हे ठरून गेले.

आपल्याकडे ही पेटी मध्यमवर्गाच्या घरी रुळली ती १९९१ नंतर. तिच्यामागची विद्या आपल्याला परकी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ साली सूक्ष्मतरंगांच्या उपकरणांसाठी खास विभाग निघाला होता आणि त्यातून १९८४ साली 'समीर' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. पेटी मात्र बाजारातून आली आणि आपण तिला आपल्या मापाने कामाला लावले. पापड भाजणे आणि सकाळची भाजी रात्री ऊन करणे, यापलीकडे पुष्कळ घरांत ती जात नाही. तिच्यासोबत आलेले पाककृतींचे पुस्तक कोरेच्या कोरे राहते.

यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते: या पेटीने पंगत मोडली, जो तो आपले ताट घेऊन आपल्या खोलीत जातो. तक्रारीत तथ्य आहे. मला स्वतःलाही एकट्याने जेवणे आवडत नाही. पण लहानपणचे एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमचे काका रात्री उशिरा येत. त्यांचे ताट झाकून ठेवलेले असे, आणि काकू भिंतीला टेकून पेंगत बसलेली असे. कडी वाजली की ती उठे, स्टोव्हला पिन करी, पंप मारी, आमटी ऊन करून वाढी, आणि मग स्वतः जेवे. अमेरिकेतल्या रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली एका ग्रंथात दाखवले आहे की, घरातल्या यंत्रांनी पुष्कळदा पुरुषांची आणि मुलांची कामे कमी केली, बाईची राहिली तशीच राहिली. लोखंडी शेगडी आली तेव्हा लाकडे फोडणाऱ्याचे श्रम वाचले, रांधणारीचे वाढले. या नियमाला ही पेटी थोडासा अपवाद आहे असे माझे मत आहे. रांधण्याचे श्रम तिने फारसे वाचवले नाहीत. पण वाट पाहत जागणे वाचवले. उशिरा येणारा पुरुष आपले अन्न आपण ऊन करून घेऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पंगत मोडली म्हणून हळहळणाऱ्यांत बसणारेच अधिक दिसतात. वाढणाऱ्यांचे मत कोणी विचारले आहे काय?

अमानाच्या सात खेड्यांपैकी मिडल अमाना या गावात अमाना कंपनीचा कारखाना उभा राहिला. पुढे त्याचे मालक अनेकदा बदलले. त्याच गावात १९३२ साली बंद झालेला एक जुना मुदपाकखाना जसाच्या तसा जतन करून ठेवला आहे. विटांची लांबलचक चूल आहे, मोठमोठी भांडी आहेत, आणि पंगतीची मेजे मांडलेली आहेत.